मास्तरांचं मॅट्रिक्स आणि शेवटची पंगत

आमच्या वाडीत कुणाला साप चावला तर लोक डॉक्टरकडे पळतात. कुणाचं लग्न अडलं तर देवीला कौल लावतात, फूल उजवीकडे पडलं की हो, डावीकडे पडलं की नाही. आणि कुणाचं काही अगदी सुरळीत चाललेलं असेल तर ते गुरुदास मास्तरांना विचारतात. मास्तरांना विचारलं की ते बिघडतं. हे मी लांबची कुणी म्हणून सांगत नाहीये. मी लक्ष्मी, मास्तरांची लग्नाची बायको. एवढी वर्षं संसार केलाय, तेव्हा बोलायचा हक्क माझा.

मास्तर मालवणच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतात. शिकवतात चांगलं, उगाच खोटं कशाला बोलू? वाडीतल्या ज्या मुली आज शहरात मोठाल्या नोकऱ्यांवर आहेत, त्यातल्या बऱ्याचशा आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, चटईवर बसून शिकल्या. मास्तरांनी कुणाकडून काही घेतलं नाही. चहा मात्र सगळ्यांना दिला, म्हणजे मी केला आणि त्यांनी दिला. माणूस मनाने सोन्यासारखा. फक्त डोक्यात मॅट्रिक्स शिरलेलं, आणि ते काढायचं औषध अजून निघालेलं नाही.

मॅट्रिक्स म्हणजे काय ते मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं. दुसऱ्या बायकांचे नवरे त्यांना होडीतून किल्ला दाखवायला नेतात. माझ्या नवऱ्याने मला पडवीत बसवून पाटीवर दोन टोपल्या काढून दाखवल्या. एका टोपलीत चार नारळ आणि एक भोपळा, दुसरीत दोन नारळ आणि तीन भोपळे. दोन्ही टोपल्यांचं वजन माहीत आहे. तर एका नारळाचं वजन किती? मी म्हटलं, नारळ उचला आणि तराजूत ठेवा. मास्तर माझ्याकडे इतक्या दयेने बघायला लागले की मलाच माझी कीव आली. मग त्यांनी समजावलं. नारळ, भोपळे ही नावं बाजूला ठेवायची. नुसते आकडे उचलून एका चौकटीत ओळीने मांडायचे, एक टोपली म्हणजे एक ओळ. त्या चौकटीची उलटी चौकट शोधायची, तिने वजनांना गुणायचं, की नारळ आणि भोपळा आपोआप वेगळे होऊन समोर येतात. मी म्हटलं, छान आहे. त्या दिवशी भोपळ्याची भाजी होती, ती करपली.

तेव्हापासून मास्तरांनी या विद्येने काय काय म्हणून सोडवलं नाही? आमच्या शेजारचे तिघे भाऊ सुखाने एकत्र काजू वेचायचे. रोज दोघे बागेत आणि एक शेतात, आळीपाळीने. संध्याकाळी बिया एका ढिगात ओतायच्या, भांडण नाही, तंटा नाही. मास्तरांना राहवलं नाही. पहिल्या दोघांनी मिळून किती, दुसऱ्या दोघांनी किती, पहिल्या-तिसऱ्यांनी किती, असं विचारून त्यांनी चौकट मांडली आणि प्रत्येक जण एकटा किती वेचतो ते काढून दिलं. उत्तर अगदी बरोबर होतं. सर्वांत थोरला सर्वांत कमी वेचतो, हे तिघांनाही मनातून माहीत होतं, पण आता ते सिद्ध झालं. आज त्या घरात तीन चुली आहेत. मास्तर अजून म्हणतात, ‘पण उत्तर बरोबर होतं ना?’

आता मूळ गोष्टीवर येते. आमच्या देवीच्या जत्रेनंतर दुसऱ्या दिवशी देवळात समाराधना असते, म्हणजे सगळ्या गावाला जेवण. दरवर्षी एका घराने ती करायची, घरं क्रमाने ठरलेली. घरं बरीच, त्यामुळे एकदा आपलं वर्ष झालं की पुन्हा यायला अर्धं आयुष्य जातं. यंदा आमचं वर्ष होतं.

मागचं आमचं वर्ष झालं तेव्हा मी नवी नवरी होते. माझ्या सासूने, माईने, तेव्हा सगळं उभं केलं होतं. आणि आमच्याकडची रीत अशी की पहिल्या पंगतीला मानकरी आणि पुरुष, मग मुलं, मग पाहुण्या बायका, आणि अगदी शेवटी ज्यांनी चिरलं, वाटलं, रांधलं, वाढलं त्या बायका. ज्या घरचं वर्ष असेल त्या घरची थोरली बाई सगळ्यांत शेवटच्या पानावर. तिने आधी घास घ्यायचा नाही. त्या वर्षी आम्ही शेवटच्या पंगतीला बसलो तेव्हा टोपात करपलेली खरवड तेवढी राहिली होती. माईने काळ्या वाटाण्यांच्या सांबाऱ्याचा रस आणि वाटीभर सोलकढी पिऊन पान उचललं. मास्तर तेव्हा पहिल्या पंगतीत बसून चार वेळा भात घेऊन, देवळाच्या पायरीवर ढेकर देत बसले होते. गावाने म्हटलं, समाराधना झकास झाली. खरंच झाली होती. जे बोलत होते ते सगळे जेवलेले होते.

माई त्यावर कधी एक शब्द बोलली नाही. यंदा बोलली. आता तिचे गुडघे गेलेत, पडवीपासून न्हाणीपर्यंत भिंतीला धरून जाते, आणि आमचं पुढचं वर्ष काही ती बघणार नाही हे तिला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. गणपती गेले तशी एक दिवस मास्तरांना जवळ बसवून म्हणाली, “माझ्या हातचा सगळ्या गावान खाल्ल्यान. आता आपल्या वर्साक एकदा माका पोटभर जेवूक गावूक व्हया.”

बस्, एवढंच मागणं. ना तिला साडी हवी होती, ना काशी. आपल्या घरच्या समाराधनेत शेवटच्या पानावर बसून पोटभर भात. मला तर ऐकून भरून आलं. मास्तरांनाही आलं असणार, कारण त्यांनी लगेच चष्मा पुसला आणि म्हणाले, “माई, यंदा एकही पान रिकामं राहणार नाही. मी गणित मांडतो.” मी तिथेच देवीला हात जोडले.

आता इतरांच्या वर्षी काय होतं, तर आचारी अदमासाने पोती सांगतो, यजमान त्यात आपल्या फुशारकीने कमी-जास्त करतो, आणि मग एखादं वर्ष भात गुरांना घालायची वेळ येते, एखादं वर्ष पाणी ओतून वरण वाढवतात. मास्तरांना हे सगळं गावंढळ वाटायचं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. खाणारे तीन प्रकारचे, पुरुष, बायका आणि मुलं. प्रत्येकाला सरासरी किती तांदूळ लागतो हे तीन अज्ञात. मागच्या तीन वर्षांच्या तीन समाराधनांत कोण किती आले आणि तांदूळ किती शिजला, हे कळलं की तीन समीकरणं. तीन अज्ञात, तीन समीकरणं, चौकट मांडा, उलटा, गुणा, झालं! ऐकायला इतकं सोपं की मलाही क्षणभर पटलं.

मागची तीन वर्षं तीन घरांची. एक हरिश्चंद्रकाकांचं, ते गावचे मानकरी, देवीची तरंगं, म्हणजे मिरवायचे सजवलेले खांब, निघतात तेव्हा पहिला नारळ त्यांचा. दुसरं सर्वेशचं, जो गोव्यात हॉटेलात कमावतो आणि गावात येऊन घालवतो. तिसरं सुशांतचं, जो सर्वेशचा चुलतभाऊ आणि त्यामुळे अर्थातच जन्माचा वैरी. मास्तर तिघांच्या घरी जाऊन आकडे घेऊन आले आणि मी सकाळीच सारवलेल्या माझ्या खळ्यात खडूने मांडायला बसले. हरिश्चंद्रकाकांकडे एकशेवीस पुरुष, शंभर बायका, ऐंशी मुलं, तांदूळ सदतीस किलो. सर्वेशकडे शंभर पुरुष, ऐंशी बायका, साठ मुलं, तांदूळ तीस किलो. सुशांतकडे एकशेदहा पुरुष, नव्वद बायका, सत्तर मुलं, तांदूळ साडेतेहतीस किलो. मास्तरांनी मोठ्या थाटात कंस काढला. मी कोंबड्यांना हाकलत उभी होते, कारण त्या कंसात तांदूळ आहे असं त्यांना वाटलं.

मग मास्तर निश्चयक काढायला लागले. निश्चयक म्हणजे त्या चौकटीतल्या आकड्यांचे तिरपे-उभे गुणाकार करून, अधिक-उणे करून शेवटी निघणारा एक आकडा. तो काहीही येवो, पण शून्य येता कामा नये. शून्य आला की चौकट उलटत नाही, आणि चौकट उलटली नाही की उत्तर नाही. मास्तरांचा शून्य आला. त्यांनी पुन्हा काढला, पुन्हा शून्य. दुपारी जेवले नाहीत. मी विचारलं, काय झालं, तर एखाद्या नातेवाइकाची बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाले, ‘शून्य आला गं.’ मी म्हटलं, आला तर येऊ दे, त्यालाही चहा देते.

संध्याकाळी त्यांच्या लक्षात आलं. सुशांतचा प्रत्येक आकडा बाकी दोघांच्या बरोबर मधला होता. पुरुष मधले, बायका मधल्या, मुलं मधली, तांदूळसुद्धा अर्ध्या किलोपर्यंत मधला. म्हणजे तिसऱ्या समीकरणात नवीन काही नव्हतंच, पहिल्या दोघांची बेरीज करून निम्मं केलेलं. मास्तर तसेच उठून सुशांतकडे गेले, मीही मागून गेले, म्हटलं मारामारी झाली तर कुणीतरी असावं. सुशांत ओटीवर मोबाइल बघत होता. तो बिचारा लपवाछपवी करणाऱ्यांतला नाहीच. म्हणाला, “मानकऱ्यांच्या वर जावचा नाय, आणि सर्वेशच्या खाली मी कित्याक जाव? मधलो आकडो सांगलंय.”

आणि हे त्याने इतक्या सहज सांगितलं, जसं काही जगात आकडे सांगायची हीच पद्धत आहे! मोजलं कुणी होतं? त्याने मोजलंच नव्हतं. पण मास्तर आधीच्या दोघांच्या आकड्यांची वही घेऊन दारात विचारायला आलेत, तर काहीतरी सांगायला हवं, आणि सांगायचं तर मानाने सांगायला हवं. मी पदराआड हसले. आमच्या गावात तीन माणसांना एक गोष्ट विचारली तर तिसरा नेहमी पहिल्या दोघांच्या तोंडाकडे बघूनच बोलतो, हे सांगायला निश्चयक कशाला हवा? मला विचारलं असतं तरी चाललं असतं. पण मला अक्षर-ओळख आहे, गणित नाही, असा मास्तरांचा जुना समज आहे.

मास्तर हार मानणारे नव्हेत. पिंगुळीच्या पलीकडे एका देवळात सप्ताहाच्या समाप्तीचं जेवण होतं, तिथे हे स्वतः गेले, आणि दारात खुर्ची टाकून कोण आत जातं ते मोजत बसले. एका म्हाताऱ्याला वाटलं हे जनगणनावाले, त्याने आपल्या मुंबईच्या तीन मुलांचीही नावं सांगितली. आचाऱ्याला वाटलं हे अन्न खात्याचे साहेब, त्याने यांना आधी आग्रह करून खीर वाढली. तांदूळ किती शिजला ते मास्तरांनी टोपापाशी उभं राहून वजन करून घेतलं. सुशांतची ओळ पुसून तिथे ही नवी ओळ आली. निश्चयक शून्य आला नाही. मास्तरांनी चौकट उलटली, गुणली, आणि तिन्ही अज्ञात ओळीत येऊन उभे राहिले. पुरुषाला दोनशे ग्रॅम तांदूळ. मुलाला शंभर. बाईला पन्नास.

पन्नास ग्रॅम! आमच्या मांजराचं भागत नाही तेवढ्यात. मी म्हटलं, ओ मास्तर, काहीतरी चुकलंय. पोराच्या निम्मं बाई खाते? म्हणाले, ‘बघ ना, आश्चर्य आहे! एरवी हे आपल्याला कधी कळलं नसतं. बायका मुळात फार कमी खातात.’ मी म्हटलं, मी रोज तुमच्यासमोर बसून जेवते, ते दिसत नाही का? त्यावर त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, ‘तू अपवाद आहेस.’ लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्याबद्दल त्यांनी काढलेला हा पहिला गौरवाचा शब्द.

मला राग आला, खूप आला, पण माझ्याकडे त्यांच्यासारखे आकडे नव्हते. मला एवढंच आठवत होतं की बायकांच्या पंगतीत आम्ही सगळ्या कशा जेवतो. वाढपी आला की आधी त्याच्या टोपात डोकावून बघायचं. भात तळाला गेलेला दिसतो. मग मागे कोण कोण बसायच्या राहिल्यात त्या आठवतात, आणि हात पानावर आडवा जातो. ‘पुरे, पुरे.’ पोट भरलं म्हणून कुणी तसं म्हणत नाही. पण हे चौकटीत कुठे लिहायचं? मी मास्तरांना सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, ‘ही भावना झाली, ही राशी नव्हे.’ मी म्हटलं, बरं, नसेल राशी, निदान एक पोतं जास्त आणून ठेवा. तर म्हणाले, जास्त आणलं तर माझाच माझ्या उत्तरावर विश्वास नाही असं होईल. आणि अन्न वाया घालवणं हे पाप. आता पापापुढे मी काय बोलू? माईला विचारलं, तर ती बिचारी म्हणाली, गुरू शिकलेला आहे, तो सांगतो तर तसंच असेल. आईच ती. मुलाने पाटीवर लिहिलं ते खरं.

वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मास्तरांनी कोण कोण येणार ते विचारून घेतलं. एकशेतीस पुरुष, एकशेदहा बायका, नव्वद मुलं. गुणाकार करून तांदूळ साडेचाळीस किलो. त्यात एकशेदहा बायकांच्या वाट्याला साडेपाच किलो. साडेचाळीस म्हणजे साडेचाळीस, एक मूठ इकडे नाही, तिकडे नाही. कुडाळहून आणलेला आचारी म्हणाला, मास्तर, साठ घेऊया. मास्तरांनी त्याला तासभर मॅट्रिक्स समजावलं. शेवटी तो कंटाळून म्हणाला, तुमचा चाळीस तर चाळीस, पण मला चुलीकडे जाऊ द्या. मास्तरांना वाटलं, पटलं त्याला.

समाराधनेचा दिवस उजाडला. पहाटेपासून आम्ही बायका देवळामागच्या मांडवात. मी, माझी नणंद शर्मिष्ठा, शेजारची नर्मदा काकी, वाडीतल्या दहा-बारा जणी, आणि भांडी घासायला आचाऱ्याची बायको. कांदा नाही, लसूण नाही, पण खोबरं खोवून खोवून हाताला घट्टे. माईला रिक्षाने आणली. ती एका खुर्चीत बसून वाटाणे निवडत होती, आणि मधूनच टोपाकडे बघत होती. सकाळी घरी मी तिला पेज दिली तर नको म्हणाली. भूक ठेवूया म्हणे, आज जेवायचं आहे.

पहिली पंगत बसली. हरिश्चंद्रकाकांच्या पानापासून सुरुवात. मास्तर धोतर नेसून टोपापाशी उभे, वाढप्यांना सांगत होते, हात आखडू नका, सगळं मोजलेलं आहे. पुरुष जेवले, दोन-दोन, तीन-तीन वेळा भात घेतला. मग मुलं बसली. मग पाहुण्या बायका. त्यांनी नेहमीसारखं टोपात डोकावून बघितलं आणि नेहमीसारखे हात आडवे केले. मी वाढत होते. प्रत्येक आडव्या हातापाशी माझ्या जिवाची तगमग होत होती. मास्तर लांबून बघत होते आणि समाधानाने मान हलवत होते, की बघा, पन्नास ग्रॅम.

देवळाच्या सभामंडपात तोपर्यंत मास्तरांचा जयजयकार सुरू झाला होता. पानांवर उष्टं नाही, टोपात उरलेलं नाही. हरिश्चंद्रकाकांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली आणि म्हणाले, अशी समाराधना गावात झाली नाही. सर्वेशने पुढच्या खेपेला मला पण गणित मांडून द्या म्हणून सांगितलं. सुशांतने मग त्याहून मोठ्याने सांगितलं. मास्तरांनी तिथेच त्या जेवलेल्या माणसांना चौकट समजावायला घेतली. जेवल्यावर माणसं काहीही ऐकतात.

मागे मांडवात आम्ही पानं मांडली. शेवटच्या पानावर माईला बसवलं, दोन बाजूंनी धरून, कारण जमिनीवर बसायचंच असा तिचा हट्ट. शर्मिष्ठाने सांबारं वाढलं, लोणचं वाढलं, वाटीत सोलकढी. मी भाताच्या टोपात डाव घातला. तो तळावर घासला. कडेला चिकटलेली चार शितं निघाली, ती मी माईच्या पानावर ठेवली.   नर्मदा काकीने सोलकढीची वाटी तोंडाला लावली. तिची ही कितवी शेवटची पंगत, देवी जाणे.

तेवढ्यात मास्तर आले. खुशीत होते. पडताळा करायला आले होते, किती उरला ते बघायला. आचाऱ्याने दुरूनच सांगितलं, एक शीत उरलं नाही. मास्तर म्हणाले, ‘शून्य!’ याच शून्यापायी खळ्यात बसून हा माणूस दुपारचा जेवला नव्हता, आणि आज तोच शून्य त्यांनी पेढ्यासारखा तोंडात घोळवला. मग त्यांचं लक्ष पानांकडे गेलं. एका पानावरून दुसऱ्या पानावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, असे ते शेवटच्या पानापर्यंत पोचले. माईच्या पानावर चार शितं होती. ती त्यांना बोटाने गोळा करत होती.

मास्तर म्हणाले, ‘पण माई, बायका कमी खातात असं आलं होतं.’ आवाजात नेहमीचा जोर नव्हता. माईने वर बघितलं. रागाने नाही, अगदी लहानपणी पाढे चुकले तर बघत असेल तसं.

“बायलमाणसांची भूक कमी नसता, गुरू,” ती म्हणाली. “टोपातलो भात कमी आसता.”

मी माझ्या नवऱ्याला रागावलेला, खूश झालेला, झोपेत सूत्रं म्हणणारा, असा सगळा बघितलाय. असा नव्हता बघितला. ते तसेच धोतराचा सोगा खोचून बाहेर गेले, मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. मला वाटलं, लाजेने घरी गेले. शर्मिष्ठा म्हणाली, वहिनी, पानं उचलूया. माई म्हणाली, बसा गो, मी अजून पानावर आहे. थोरली बाई पानावर असताना कोण उठणार? आम्ही बसून राहिलो.

मास्तर परत आले ते पुढ्यात तांदळाचं पोतं आडवं टाकून. घरच्या कणगीतला उकडा तांदूळ, वर्षाचा. आचारी जायच्या तयारीत होता, त्याला यांनी थांबवलं नाही; त्याची बायको तेवढी मांडवामागे भांडी घासत राहिली. स्वतः तीन दगडांवर टोप चढवला. किती पाणी, कुणाला विचारलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही. धुराने डोळे लाल झाले, चष्मा काढून खिशात ठेवला. सभामंडपातली माणसं एकेक करून मांडवाच्या दारात येऊन बघायला लागली, आणि काय चाललंय ते कळल्यावर एकेक करून गेली. उकडा तांदूळ लवकर शिजत नाही. सांबाऱ्यावर साय धरली. माई पानापुढे तशीच बसून होती. मधे एकदा तिने मला विचारलं, “जाळ नीट आसा ना?”

भात अखेर झाला. खाली लागलेला, वर फडफडीत, मध्ये गिचका. एकाच टोपात तीन प्रकारचा भात करणं सोपं नाही, तेही मास्तरांनी करून दाखवलं. वाढायलाही तेच आले. माईच्या पानावर एक डाव घातला, दुसरा घातला, आणि थांबले, तिचा हात आडवा येईल म्हणून. माई म्हणाली, “आजून घाल.” त्यांनी घातला. नर्मदा काकीने घेतला, शर्मिष्ठाने घेतला, मी घेतला, मग पुन्हा माईने घेतला. मास्तर वाढत होते आणि आम्ही जेवत होतो. त्या पंगतीत एकाही बाईने ‘पुरे’ म्हटलं नाही. सांबारं गार होतं, भात करपट होता. मी खोटं नाही बोलत, तसं जेवण मी आजवर जेवले नाही.

माईने पान निपटून काढलं. मग ढेकर दिला. मला रडू आलं, ते मी धुरावर ढकललं.

सगळ्या हात धुऊन आल्या तरी मास्तर टोपापाशी उभे होते. त्या दिवशी त्यांच्या पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं, यजमान म्हणून पहिल्या पंगतीतही बसले नव्हते. मी एक पान मांडलं. म्हटलं, बसा. ते बसले, सभामंडपात नाही, आमच्या मांडवात, त्या शेवटच्या जागेवर. मी टोप घेऊन पुढे आले. एक चिमूटभर भात डावावर घेतला आणि पानावर ठेवला. म्हटलं, पन्नास ग्रॅम. शेवटच्या पंगतीला एवढा पुरतो, गणिताने सिद्ध झालंय.

त्यांनी तो मुकाट्याने कालवला आणि खाल्ला. मला वाटलं होतं, काहीतरी बोलतील, निदान हसतील. मग माझा राग उतरला, मी डाव भरून पुन्हा वाकले. मास्तरांनी टोपात डोकावून बघितलं. भात तळाला गेला होता, आणि दारात आचाऱ्याची बायको भांडी गोळा करून अजून उपाशी उभी होती.

त्यांनी पानावर हात आडवा धरला.

“पुरे,” म्हणाले.